मिरज जंक्शनवर उतरलेला प्रवासी कोणाचा?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
मा. मंडल रेल प्रबंधक, मध्य रेल्वे, पुणे
मा. विभाग नियंत्रक, एसटी महामंडळ, सांगली
मा. आयुक्त, सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

आपल्या चौघांना मिळून मी मुद्दाम एकच पत्र लिहिते आहे. चार वेगळी निवेदनं दिली असती तर प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरतं उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर खरंही असतं. गाडी फलाटावर लागली, रेल्वेचं काम झालं. एसटीची फेरी ठरल्या वेळी सुटली, आगाराचं काम झालं. रस्ता डांबरी आहे, दिवे लागलेत, महापालिकेचंही झालं. तरीही गाडीतून उतरलेली बाई शेवटच्या बसपर्यंत पोचत नाही. गाडी आणि बस यांच्या मधल्या ज्या वेळात ती अडकते, ती वेळ कोणाच्याच कार्यकक्षेत येत नाही. त्या वेळेची जबाबदारी नावानिशी कोणाकडे तरी द्या, ही माझी मागणी आहे.

मी विश्रामबागेत राहते. नोकरीची बरीच वर्षं कोल्हापूरला ये-जा करण्यात गेली. तेव्हा डब्यात सोबत असणाऱ्या बायका आजही भेटल्या की पहिला प्रश्न तोच असतो, 'पुढं कशानं गेलीस?' रेल्वेचा प्रवास कसा झाला हे कोणी विचारत नाही, कारण तो बहुतेक बराच होतो. मिरज ते कोल्हापूर ४७ किलोमीटर. एवढ्या अंतरात माणूस थकत नाही. थकतो तो घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कामाची जागा या दोन तुकड्यांत.

आपल्याकडे या विषयाचं नाव काढलं की लोक म्हणतात, हे मुंबई-पुण्याचं काम, आपलं गाव केवढं! म्हणून आधी आकडे मांडते. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिकेची लोकसंख्या ५ लाख २ हजारांच्या पुढे होती. कोल्हापूरची साडेपाच लाखांच्या जवळ. इचलकरंजी तेव्हा नगरपालिका होती, २०२२ मध्ये महानगरपालिका झाली; तिची २ लाख ८७ हजार. तीन महापालिकांची बेरीज १३ लाखांच्या वर जाते, आणि यात जयसिंगपूर, हातकणंगले, माधवनगर, बुधगाव, तासगाव यांतलं कोणीच धरलेलं नाही. सगळं पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात. सकाळी इचलकरंजीचा माणूस सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला येतो, सांगलीची मुलगी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात जाते, कुपवाडच्या एमआयडीसीत जयसिंगपूरचे कामगार येतात. लोक एका मोठ्या शहरात राहिल्यासारखे वागतात. कागदावर मात्र दोन जिल्हे, एसटीचे दोन विभाग, कोल्हापूर महापालिकेची वेगळी शहर बससेवा केएमटी आणि तीन आयुक्त.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांसाठी एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरण असावं असं सांगितलं. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर मेट्रो हवी असेल तर ते प्राधिकरण करायलाच हवं, अशी अटच घातली. आपण या जाळ्यात कधी आलोच नाही, कारण आपल्याला तीन तुकडे करून मोजलं जातं. दहा लाखांची रेघ आपण एकत्रितपणे केव्हाच ओलांडली आहे. मेट्रो आपल्याला नको. पण मेट्रोच्या शहरांना जी व्यवस्था सक्तीने लावून घ्यावी लागते, ती रेल्वे आणि बस आधीच असलेल्या भागात जास्त स्वस्तात उभी राहते.

आणि आपल्याकडे रेल्वे आहे, ती साधीसुधी नाही. मिरजेला चार दिशांनी रूळ येतात: पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगाव-हुबळीकडून आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून. गाडी बदलणं हे या स्टेशनाला नवीन नाही. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पंढरपूरहून इथे पोचली, मीटरगेज आधीपासून होती, १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आली. तीन गेजच्या, म्हणजे तीन वेगळ्या रुंदीच्या रुळांवरच्या, गाड्या एका स्टेशनात उभ्या राहत आणि हमाल या फलाटावरून त्या फलाटावर सामान नेत. आज गेज एकच झाला, पण कारभार अजून तीन ठिकाणचा आहे. पुणे–कोल्हापूर पुणे मंडळाकडे, पंढरपूरची बाजू सोलापूरकडे, बेळगावची बाजू दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी मंडळाकडे. त्यामुळे कुडची, रायबागकडून आलेल्या गाडीने कोल्हापूरची गाडी पकडून द्यायची की नाही, हा प्रश्नसुद्धा दोन मुख्यालयांचा होतो. बस तर त्याच्याही पुढची.

मिरजेला येणाऱ्यांत रुग्ण किती असतात हे आपण सगळे जाणतो. डॉ. वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे दवाखाना सुरू केला तेव्हापासून अथणी, चिकोडी, जत, सांगोल्याकडची माणसं मिरजेला दाखवायला येतात. आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कॅन्सरचं रुग्णालय आहे, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली. पंढरपूर मार्गावर आरग, बेळंकी, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड अशी स्टेशनं आहेत. या गावांतून केमोथेरपीला किंवा डायलिसिसला येणाऱ्या माणसासाठी रेल्वे सगळ्यात सोयीची असायला हवी. हादरे कमी, संडासाची सोय, तिकीट स्वस्त. पण तो रेल्वेने येत नाही, कारण परतीचं काही सांगता येत नाही. उपचार संपून तो बाहेर पडतो तेव्हा गाडी गेलेली असते. आणि गाडी मिळाली तरी गावाजवळच्या छोट्या स्टेशनावर उतरून वस्तीपर्यंत न्यायला काही नसतं. मग घरचे लोक उसनवारी करून जीप ठरवतात. रेल्वेच्या नोंदीत तो प्रवासी दिसत नाही, एसटीच्याही नाही. 'या मार्गावर प्रतिसाद कमी आहे' असं जे अहवालात लिहिलं जातं, त्यात हा माणूस धरलेला नसतो.

जोडणी म्हणजे नेमकं काय, यावरून गोंधळ होतो म्हणून थोडं सविस्तर लिहिते. स्टेशनबाहेर बसथांबा बांधला, छप्पर घातलं, फलक लावला, एवढ्याने जोडणी होत नाही. कोल्हापूरचंच बघा. तिथे रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सांगलीत तेही नशिबी नाही. जुनी सांगली-मिरज रेल्वे थेट गावात यायची. ते स्टेशन गेलं, आता रेल्वे एका टोकाला आणि मुख्य एसटी स्टँड दुसरीकडे, मध्ये रिक्षाशिवाय पर्याय नाही. पण कोल्हापुरात अंतर कमी असूनही वेळा जुळत नाहीत. म्हणजे जागा जवळ असणं ही सुरुवात झाली. वेळ, तिकीट आणि माहिती या तीन गोष्टी जोडल्या गेल्या तरच माणूस निर्धास्तपणे घरातून निघतो.

वेळेची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला पैसा सगळ्यात कमी लागतो. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आणलं. मोठ्या जंक्शनवर सगळ्या दिशांच्या गाड्या साधारण एकाच वेळी येतात, बस त्याआधी काही मिनिटं स्टेशनला लागते, प्रवासी बदलतात, आणि सगळे आपापल्या दिशेने निघतात. तासाभराने पुन्हा तेच. झुरिच परिसरात १९९० पासून रेल्वे, ट्राम, बस, तलावातली बोट सगळ्यांना एकच तिकीट चालतं. मिरजेत तासाला सगळ्या दिशांच्या गाड्या नाहीत, हे मला माहीत आहे. पण दिवसातल्या सकाळ-संध्याकाळच्या मोजक्या गाड्या अशा आहेत की ज्यांवर नोकरदार, विद्यार्थी आणि रुग्ण अवलंबून असतात. तेवढ्याच गाड्या घ्या. एसटीचं वेळापत्रक त्या गाड्यांपासून सुरू करा. गाडी येण्याआधी बस उभी पाहिजे, आणि गाडी आल्यावर म्हातारं माणूस जिना चढून बाहेर येईपर्यंत ती थांबली पाहिजे.

गाडी लेट झाली तर? हा प्रश्न आगारातले लोक लगेच विचारतील, आणि तो रास्त आहे. चालक-वाहकांची ड्यूटी ठरलेली असते, पुढची फेरी असते. पण गाडी कुठे आहे हे आता प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसतं. एसटीच्या बसलाही ठावठिकाणा दाखवणारी यंत्रणा बसवलेली आहे. वाहतूक नियंत्रकाच्या टेबलावर गाडीची स्थिती दिसत असेल आणि 'रात्रीची शेवटची फेरी गाडीसाठी वीस मिनिटांपर्यंत थांबवावी' असा लेखी नियम त्याच्या हातात असेल, तर तो थांबवेल. आज त्याने माणुसकीने बस थांबवली तर उशिराचा जाब त्यालाच द्यावा लागतो. चांगलं वागणाऱ्या कर्मचाऱ्यामागे नियमाचं बळ उभं करणं हे वरिष्ठांचं काम आहे.

पुणे–मिरज दुहेरीकरणामुळे क्रॉसिंगसाठी ताटकळणं कमी होणार, हे या कामाला अनुकूल आहे. मिरज–कोल्हापूर मात्र अजून एकेरी आहे. तिथे उशीर होणार हे धरूनच बसच्या वेळा बसवाव्या लागतील.

तिकिटाकडे येते. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. सरळ एका बसने गेलात तर टप्पे सलग मोजले जातात. मध्ये उतरून दुसरी बस धरली की पहिला टप्पा पुन्हा नव्याने भरायचा. मध्ये रेल्वे आली तर तिसरं तिकीट. म्हणजे ज्याच्या दारात थेट बस नाही त्याने जास्त त्रास सोसायचा आणि जास्त पैसेही भरायचे. त्यात सवलतींचा मेळ नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. परिणाम असा की हाडं खिळखिळी करणारा लांबचा रस्ता म्हातारी माणसं एसटीने काटतात आणि शेजारून रेल्वेचा डबा निम्मा रिकामा जातो. मी त्यांना दोष देणार नाही, पेन्शन तुटपुंजी असते.

एक पास हवा. महिन्याचा, विद्यार्थ्यांसाठी तिमाही, सांगली-मिरज-कुपवाड हद्दीतल्या शहरी बसला आणि किर्लोस्करवाडी ते कोल्हापूर या पट्ट्यातल्या पॅसेंजर-डेमूला चालणारा. पैसे कोणी किती घ्यायचे हा हिशोब प्रवाशाच्या डोक्यावर नको. जर्मनीत हॅम्बुर्गला १९६५ मध्ये हेच केलं. तिथेही रेल्वे केंद्र सरकारची होती, शहराच्या गाड्या आणि बस वेगळ्या कंपन्यांच्या. त्यांनी एक संयुक्त संस्था केली, भाडं एक केलं, वेळापत्रक एक केलं, जमा झालेला पैसा ठरल्या सूत्राने वाटून घेतला. साठ वर्षांपूर्वी, संगणक नसताना. आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे वेगवेगळ्या वाहनांना चालणारं एकच कार्ड, आलं; ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' अ‍ॅपवर लोकल, मेट्रो, बेस्ट अशा ११ सेवांची तिकिटं एकत्र आली. रेल्वेने मुंबईत हे मान्य केलं आहे. त्याच मध्य रेल्वेला मिरजेत ते मान्य करायला काय हरकत आहे?

विश्रामबाग स्थानकाबद्दल मला विशेष लिहायचं आहे, आणि ते केवळ मी तिथे राहते म्हणून नाही. सांगली आणि मिरज यांच्या बरोबर मधे हे स्टेशन आहे. १९१९ चं विलिंग्डन, १९४७ चं वालचंद, इतर शाळा-महाविद्यालयं, शासकीय कार्यालयं याच बाजूला वाढली. नांद्रे, भिलवडी, आमणापूरहून येणारा विद्यार्थी इथे उतरला तर सांगली स्टँडवरची गर्दी आणि मिरज रोडवरची कोंडी दोन्ही टळतात. तरी हे स्टेशन आपल्या शहराच्या विचारात कुठेच नाही. इथल्या बाहेरच्या रस्त्यावर संध्याकाळी पुरेसा उजेड, एक शहरी बसची फेरी आणि सायकल ठेवायला राखणदारासह जागा, एवढं झालं तरी चित्र पालटेल. पीएम ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ मध्ये आली, आपल्या महापालिकेचंही नाव तिच्यात आहे. या नव्या बस जुन्याच मार्गांवर सोडून देऊ नका. त्यांचा पहिला मार्ग तिन्ही रेल्वे स्थानकं, वैद्यकीय महाविद्यालय, कुपवाड एमआयडीसी आणि मार्केट यार्ड यांना जोडणारा असावा.

वडापवाल्यांचा, म्हणजे शिटा भरून खासगी गाड्या चालवणाऱ्यांचा, आणि रिक्षावाल्यांचा या योजनेला विरोध होईल, म्हणून त्यांना बाहेर ठेवून काही करू नका. ऑक्टोबर २०२१ पासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा खेड्यापाड्यांतली माणसं वडापनेच दवाखान्यात आणि बाजाराला गेली. 'शिट भरल्याशिवाय गाडी हलणार न्हाई' हे ऐकत तासभर बसणं कोणालाच आवडत नाही, पण त्या चालकाचा धंदा शिटांवरच आहे. स्टेशनच्या आवारात शेअर रिक्षाला रांगेची जागा, परिवहन कार्यालयाने ठरवून लावलेला दर आणि जिथे बस परवडत नाही अशा वस्त्यांचे मार्ग त्यांना रीतसर द्या. ते या व्यवस्थेचा शेवटचा तुकडा चालवतील.

पुराचं सांगितल्याशिवाय सांगलीचं कुठलंच पत्र पुरं होत नाही. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, गावाचा निम्मा भाग आणि मुख्य बसस्थानक पाण्यात होतं. २००५ आणि २०२१ लाही लोकांनी घरं सोडली. पुराच्या दिवसांत एसटी कुठून सुटणार हे दर वेळी त्या दिवशी ठरतं. विश्रामबाग आणि मिरजेकडचा भाग उंचावर आहे. तिथून रेल्वे आणि बस मिळून चालवण्याची तयारी कोरड्या दिवसांत करून ठेवली तर पाणी चढताना धावपळ होणार नाही.

हे सगळं आपल्याच्याने होणार नाही, असं मला कोणी सांगू नये. एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानलेलं होतं. मिरजेत रेल्वे, जिल्हा प्रशासन, महापालिका आणि पाणीपुरवठ्याची माणसं एकत्र बसली, काही दिवसांत जलवाहिनी टाकून रेल्वेच्या यार्डापर्यंत कृष्णेचं पाणी आणलं, आणि पहिली गाडी १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला गेली. पुढे ५० टाक्यांच्या गाड्या धावल्या. त्या वेळी ही कोणाची हद्द, हे कोणी विचारत बसलं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाने सगळ्यांना एका टेबलाला बसवलं आणि रोज आढावा घेतला.

तसंच टेबल आता कायमचं मांडा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सांगली-मिरज परिसराची संयुक्त वाहतूक समिती करा. तिच्यात आपण चौघे, परिवहन अधिकारी, पोलिसांची वाहतूक शाखा, सोलापूर आणि हुबळी मंडळांचा प्रत्येकी एक अधिकारी, कोल्हापूर एसटी विभाग, केएमटी आणि इचलकरंजी महापालिका असावी. प्रवाशांचे प्रतिनिधी असावेत, त्यांत रोज ये-जा करणाऱ्या महिला असाव्यात. समितीखाली एक पूर्णवेळ अधिकारी नेमा, ज्याच्या कामाचं मोजमाप एकाच गोष्टीवर होईल: गाडीतून उतरलेल्यांपैकी किती जणांना पुढची बस मिळाली. सुरुवात सहा महिन्यांसाठी मिरज स्थानकापासून करा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या निवडक गाड्या, त्यांना बांधलेल्या बस, फलाटावर बसच्या वेळांचा मराठी आणि कन्नड फलक, गाडी स्टेशनात शिरताना होणाऱ्या घोषणेत पुढच्या बसचीही घोषणा. सहा महिन्यांचे आकडे दर महिन्याला जाहीर करा, चांगले असोत की वाईट. मग विश्रामबाग आणि सांगली, मग जयसिंगपूर आणि हातकणंगले. इचलकरंजीला रेल्वे येईल तेव्हा येईल; हातकणंगल्याच्या गाडीला जोडलेली बस आजही सुरू करता येते.

रेल्वेचं पुढचं वेळापत्रक अंतिम होण्याआधी या समितीची पहिली बैठक व्हावी, कारण एकदा ते छापलं की पुन्हा वर्षभर सगळे हात वर करतील. बैठकीची तारीख वर्तमानपत्रांतून आणि तिन्ही स्थानकांच्या सूचना फलकांवर कळवावी. आमच्या डब्यातल्या बायकांनी कोणत्या गाडीनंतर कोणती बस चुकते याची यादी करायला घेतली आहे. ती आम्ही बैठकीत आणून देऊ.

आपली,
विश्रामबाग, सांगली येथील एक रेल्वे प्रवासी